‘फ्री’ या इंग्रजी शब्दाचे स्पॅनिश भाषांतर : अनेकार्थकतेच्या दृष्टीने एक अभ्यास

प्रस्तावना

भाषांतर म्हणजे एका भाषेतील शब्दाच्या जागी दुसऱ्या भाषेतील शब्द ठेवणे, असा समज सर्वसाधारणपणे रूढ आहे. द्वैभाषिक शब्दकोशाच्या रचनेमुळे या समजाला बळ मिळते. डाव्या बाजूला मूळ शब्द आणि उजव्या बाजूला त्याचा पर्याय अशी मांडणी पाहिली, की दोन भाषांमधील शब्द एकमेकांसमोर जोडीने उभे आहेत असा भास होतो. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक भाषा आपल्या अनुभवविश्वाची विभागणी स्वतंत्रपणे करीत असते. एका भाषेने जेथे एकच शब्द पुरेसा मानला, तेथे दुसरी भाषा तीन-चार शब्दांची योजना करते. अशा वेळी भाषांतरकाराला निवड करावीच लागते आणि ती निवड चुकली तर केवळ वाक्य बिघडते असे नाही, काही प्रसंगी माणसाचा हक्कही बाधित होतो.

या दृष्टीने इंग्रजीतील ‘फ्री’ हा शब्द अभ्यासण्याजोगा आहे. स्वतंत्र, मोकळा, रिकामा, मोफत, रहित, अनिर्बंध असे अनेक अर्थ तो एकटा वाहतो. स्पॅनिश भाषेत या अर्थांसाठी ‘लिब्रे’, ‘ग्रातिस’, ‘ग्रातुइतो’, ‘एक्सेन्तो’, ‘फ्रान्को’, ‘सिन’ असे निरनिराळे शब्द आहेत. स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा असून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतही चार कोटींहून अधिक लोक घरात ती बोलतात. त्यामुळे इंग्रजी-स्पॅनिश भाषांतर न्यायालय, रुग्णालय, शाळा आणि शासकीय कार्यालय यांच्या दैनंदिन व्यवहाराचा भाग बनले आहे. प्रस्तुत लेखात ‘फ्री’ या शब्दाचे अर्थक्षेत्र, त्याचे स्पॅनिश पर्याय, पर्यायाची निवड ठरविणारे घटक आणि या निवडीचे व्यावहारिक परिणाम यांचा विचार केला आहे. लेखात स्पॅनिश शब्दांचे उच्चार लॅटिन अमेरिकेतील प्रचलित उच्चारांनुसार दिले आहेत.

१. अनेकार्थकता : संकल्पना

एकच उच्चार असलेले, परंतु मुळात परस्परांशी संबंध नसलेले शब्द आणि एकाच शब्दातून कालौघात फुटलेले अनेक अर्थ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ हे आज्ञार्थी क्रियापद यांसारखी उदाहरणे येतात. तेथे गोंधळ क्वचितच होतो, कारण दोन अर्थांमधील अंतर मोठे असते. दुसऱ्या प्रकारात अर्थ एकमेकांच्या शेजारी राहतात. ‘फ्री’ हा या दुसऱ्या प्रकारातील शब्द आहे. बंधन नसणे, काम नसणे, किंमत नसणे आणि दोष नसणे या सर्व अर्थांच्या मुळाशी ‘कशाचा तरी अभाव’ ही एकच कल्पना आहे. त्यामुळे इंग्रजी भाषिकाला हे अर्थ वेगळे असल्याची जाणीवही बहुधा नसते. भाषांतरकाराला मात्र दरवेळी ‘कशाचा अभाव?’ हा प्रश्न विचारावा लागतो.

रोमान याकोबसन यांनी १९५९ मधील आपल्या भाषांतरविषयक निबंधात एक महत्त्वाचे सूत्र मांडले. भाषांमधील खरा भेद त्या काय सांगू शकतात यात नसून त्यांना काय सांगावेच लागते यात आहे, असे त्या सूत्राचे तात्पर्य आहे. इंग्रजीला ‘फ्री’ म्हणताना किंमत आणि स्वातंत्र्य यांत निवड करावी लागत नाही. स्पॅनिशला ती करावी लागते. या सूत्राचे याहून सुबोध उदाहरण मिळणे कठीण आहे.

२. व्युत्पत्ती आणि अर्थविकास

‘फ्री’ हा शब्द जर्मानिक कुळातील असून त्याचे मूळ ‘प्रिय’ या अर्थाच्या इंडो-युरोपीय धातूपर्यंत जाते. संस्कृतातील ‘प्रिय’ हा शब्द त्याच मुळातून आलेला आहे. इंग्रजीतील मित्रवाचक ‘फ्रेंड’ हा शब्दही याच घराण्यातला. घरातील आपली, जिव्हाळ्याची माणसे ती ‘प्रिय’ आणि जी दास नाहीत ती ‘स्वतंत्र’, असा हा अर्थविकास सांगितला जातो. लॅटिनमध्येही याच्याशी समांतर असा प्रकार दिसतो. तेथे ‘लीबेर’ म्हणजे स्वतंत्र आणि ‘लीबेरी’ म्हणजे मुलेबाळे. स्पॅनिश ‘लिब्रे’ हा याच ‘लीबेर’चा वारस होय.

‘ग्रातिस’चा वंश वेगळा आहे. कृपा, आभार या अर्थाच्या ‘ग्रातिया’ या लॅटिन शब्दाचे ते रूप असून ‘केवळ आभाराच्या मोबदल्यात’ असा त्याचा मूळ आशय आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या शब्दाला ‘विनामूल्य’ हा अर्थ नंतरच्या काळात चिकटला. स्पॅनिशमध्ये मात्र स्वातंत्र्याचा शब्द आणि मोफतपणाचा शब्द असे दोन प्रवाह आरंभापासूनच स्वतंत्रपणे वाहत आले.

याच संदर्भात ‘दे बाल्दे’ या जुन्या स्पॅनिश प्रयोगाची नोंद घेणे उचित ठरेल. त्याचा अर्थ ‘फुकट’ असा आहे. त्यातील ‘बाल्दे’ हा शब्द व्यर्थ, निरर्थक या अर्थाच्या अरबी ‘बातिल’वरून आलेला आहे. ‘एन बाल्दे’ म्हटले की अर्थ होतो ‘व्यर्थ’. मराठीतील ‘फुकट मिळाले’ आणि ‘श्रम फुकट गेले’ या दोन प्रयोगांशी असलेले त्याचे साम्य लक्षणीय आहे. ज्याला मोल द्यावे लागत नाही ते निर्मोल वाटू लागते, ही मानवी प्रवृत्ती दोन दूरच्या भाषांनी सारख्याच रीतीने नोंदविली आहे. ‘ग्रातुइतो’ या शब्दालाही ‘निराधार’ अशी छटा आहे. विनाकारण केलेल्या आरोपासाठी तो सर्रास वापरला जातो.

३. ‘फ्री’चे अर्थक्षेत्र आणि स्पॅनिश पर्याय

(अ) स्वतंत्र : व्यक्ती, राष्ट्र, इच्छा किंवा व्यापार यांना उद्देशून ‘फ्री’ आले असता ‘लिब्रे’ हा पर्याय येतो. इच्छास्वातंत्र्यासाठी ‘लिब्रे आल्बेद्रिओ’, मुक्त व्यापारासाठी ‘लिब्रे कोमेर्सिओ’, मुक्तछंदासाठी ‘बेर्सो लिब्रे’ आणि भौतिकशास्त्रातील मुक्त पतनासाठी ‘काइदा लिब्रे’ हे प्रयोग रूढ आहेत.

(आ) मोफत : किंमत नसणे या अर्थी ‘ग्रातिस’ किंवा ‘ग्रातुइतो’ योजावे लागते. ‘ग्रातिस’ला लिंगवचनाचा विकार होत नाही, ‘ग्रातुइतो’ मात्र नामानुसार बदलतो. बोलण्यात व जाहिरातीत पहिला आणि कायदा, शिक्षण, प्रशासन यांच्या औपचारिक भाषेत दुसरा अधिक आढळतो.

(इ) रहित : साखर नसलेल्या पदार्थासाठी ‘सिन असुकार’, धूम्रपानमुक्त जागेसाठी ‘लिब्रे दे उमो’ आणि करमुक्त व्यवहारासाठी ‘एक्सेन्तो दे इम्पुएस्तोस’ असे तीन वेगवेगळे मार्ग दिसतात. केवळ घटकाचा अभाव सांगायचा असेल तर ‘सिन’, अनिष्ट गोष्टीपासून सुटका सुचवायची असेल तर ‘लिब्रे दे’ आणि कायदेशीर दायित्वातून सूट असेल तर ‘एक्सेन्तो’, असा स्थूल विवेक करता येतो. मात्र या सीमारेषा काटेकोर नाहीत.

(ई) रूढ संयोग : मुक्त बंदरासाठी ‘पुएर्तो फ्रान्को’ आणि मुक्त क्षेत्रासाठी ‘सोना फ्रान्का’ असे म्हणतात. साधनांशिवाय हाताने काढलेल्या रेखाटनासाठी तर ‘आ मानो आल्सादा’ म्हणजे ‘उचललेल्या हाताने’ असा प्रयोग आहे; त्यात स्वातंत्र्यवाचक शब्द मुळीच नाही.

(उ) रिकामा, उपलब्ध : खोली, आसन, वेळ किंवा माणूस मोकळा असणे या अर्थीही ‘लिब्रे’ येते. येथे व्याकरण भाषांतरकाराच्या मदतीला धावते. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ या क्रियेसाठी ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत. पहिले स्वरूप किंवा ओळख सांगते, दुसरे अवस्था. ‘सोय लिब्रे’ म्हणजे ‘मी स्वतंत्र आहे’, तर ‘एस्तोय लिब्रे’ म्हणजे ‘मी सध्या मोकळा आहे’. इंग्रजीत या दोन्ही आशयांचे वाक्य एकच असते.

वरील वर्गीकरणावरून ‘किंमत असेल तेथे ग्रातिस आणि अन्यत्र लिब्रे’ असा सोपा नियम काढण्याचा मोह होतो. तो पूर्णपणे टिकत नाही. कार्यक्रमाच्या दाराशी लावलेल्या ‘एन्त्रादा लिब्रे’ या पाटीचा अर्थ प्रवेश सर्वांना खुला आहे असा असतो आणि व्यवहारात बहुधा तो विनामूल्यही असतो. उलट ‘बुफे लिब्रे’ म्हणजे ठरावीक रक्कम भरून हवे तेवढे जेवण. तेथे मर्यादा नसते, किंमत मात्र असते. म्हणजेच ‘लिब्रे’चा अर्थ तो कोणत्या नामाला लागतो यावर अवलंबून राहतो. वाहनतळावरील सूचनेतही हेच दिसते. ‘प्लासास लिब्रेस’ म्हणजे रिकाम्या जागा. ‘प्लासास ग्रातुइतास’ म्हणजे ज्यांना शुल्क नाही अशा जागा. फलकावरील सुटा ‘फ्री’ हा शब्द यांपैकी काय सांगतो, हे फलक कोठे लावला आहे ते पाहिल्याशिवाय ठरविता येत नाही.

४. एका शब्दाची न्यायालयीन किंमत

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मधील मिरांडा खटल्यात असा निर्णय दिला, की ताब्यात घेतलेल्या व्यक्तीची चौकशी करण्यापूर्वी पोलिसांनी तिला तिच्या हक्कांची जाणीव करून दिली पाहिजे. मौन पाळण्याचा हक्क, वकिलाच्या उपस्थितीचा हक्क आणि वकिलाचा खर्च परवडत नसल्यास वकील नेमून मिळण्याचा हक्क यांचा त्यात समावेश होतो.

नवव्या सर्किटच्या संघराज्य अपील न्यायालयापुढे आलेल्या आणि जुलै २०१३ मध्ये निर्णय झालेल्या एका प्रकरणात, एका पोलीस तपास अधिकाऱ्याने स्पॅनिश भाषिक आरोपीला ही सूचना स्पॅनिशमधून दिली होती. वकील विनामूल्य मिळेल हे सांगताना त्याने ‘लिब्रे’ हा शब्द वापरला. त्याच्या मनात इंग्रजीतील ‘फ्री’ होते, परंतु व्यक्तीला लावलेल्या ‘लिब्रे’चा अर्थ ‘मोफत’ असा होत नाही. त्यामुळे वाक्याचा आशय साधारणतः असा झाला : पैसे नसतील तर मोकळा असलेला एखादा वकील तुम्हाला दिला जाऊ शकेल. न्यायालयाने नमूद केले, की ‘लिब्रे’ म्हणजे उपलब्ध किंवा काही करण्यास मोकळा. आणि अशा शब्दयोजनेमुळे वकील मिळणे हे शासनाचे निरपवाद कर्तव्य न राहता वकिलाच्या उपलब्धतेवर किंवा विनंतीच्या मंजुरीवर अवलंबून आहे असे सूचित होते. आरोपीला आधी इंग्रजीतून योग्य सूचना दिली गेली होती, पण तेवढ्याने हा दोष दूर झाला नाही; कारण दोन सूचनांपैकी कोणती बरोबर, याचा खुलासा कोणीच केला नव्हता. त्याचे जबाब पुराव्यातून वगळण्यास नकार देणारा खालच्या न्यायालयाचा निर्णय अपील न्यायालयाने फिरविला.

या प्रकरणाचा भाषावैज्ञानिक बोध स्पष्ट आहे. अधिकाऱ्याने वापरलेला शब्द शब्दकोशात ‘फ्री’समोर नक्कीच सापडतो. तो खोटा नव्हता, अस्थानी होता. ‘एन्त्रादा लिब्रे’मध्ये जो शब्द विनामूल्यतेच्या जवळ जातो, तोच ‘वकील’ या नामापुढे येताच वकिलाच्या फुरसतीबद्दल बोलू लागतो. येथे ‘ग्रातिस’ किंवा ‘सिन कोस्तो’, म्हणजे ‘खर्चाविना’, असे म्हटले असते तर संदिग्धता उरली नसती.

५. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील साक्ष

संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेला मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आदर्श दस्तऐवज आहे. पहिल्या अनुच्छेदात सर्व माणसे जन्मतः ‘फ्री’ व समान असल्याचे म्हटले आहे. तेथे स्पॅनिश संहितेत ‘लिब्रेस’ आहे. सोळाव्या अनुच्छेदातील विवाहाच्या संमतीला आणि तेविसाव्या अनुच्छेदातील कामाच्या निवडीला ‘लिब्रे’ हेच विशेषण लागते. सव्विसाव्या अनुच्छेदात शिक्षण ‘फ्री’ असावे असे येते, तेथे मात्र स्पॅनिश संहिता ‘ग्रातुइता’ म्हणते. एकाच दस्तऐवजात एकाच इंग्रजी शब्दाची झालेली ही विभागणी अपरिहार्य होती. तेथे ‘लिब्रे’ योजले असते तर शिक्षण बंधनमुक्त असावे असा अर्थ झाला असता आणि गरीब पालकाला शुल्कमाफीचा दावा करण्यासाठी आधारच उरला नसता.

मराठीने हाच विवेक केलेला आहे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. २००९ च्या केंद्रीय अधिनियमाच्या मराठी नावातही ‘मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क’ असेच शब्द आहेत. तेथे ‘मुक्त शिक्षण’ म्हटले असते तर वाचकाच्या मनात १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारखी व्यवस्था उभी राहिली असती. तेथील ‘मुक्त’ हे इंग्रजी ‘ओपन’साठी आहे आणि त्याचा शुल्काशी संबंध नाही.

६. संगणकीय क्षेत्र : संदिग्धतेचे धोरणात रूपांतर

‘फ्री’च्या दुहेरी अर्थाने सर्वाधिक वाद निर्माण केला तो संगणकप्रणालीच्या क्षेत्रात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली. प्रणाली वापरणे, तिचा अभ्यास करून तीत बदल करणे, तिच्या प्रती वाटणे आणि बदललेली आवृत्ती इतरांना देणे ही स्वातंत्र्ये येथे अभिप्रेत होती. किंमत हा मुद्दा नव्हता. तरीही इंग्रजी ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम ‘फुकट’ हाच अर्थ येई आणि खुलासा करण्यात स्टॉलमन यांची पुष्कळ शक्ती खर्च झाली. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ ही पर्यायी संज्ञा पुढे आली, त्यामागेही ही संदिग्धता हे एक कारण होते.

स्पॅनिशमध्ये ‘सॉफ्टवेअर लिब्रे’ म्हणताच हा प्रश्न बव्हंशी मिटतो. मोफत प्रणालीसाठी ‘ग्रातुइतो’ हा शब्द वेगळा उपलब्ध आहे. या स्पष्टतेचा उपयोग सार्वजनिक धोरणात झालेला दिसतो. पेरू देशाचे संसदसदस्य एडगर व्हियानुएव्हा यांनी प्रशासनात ‘सॉफ्टवेअर लिब्रे’ वापरण्याचे विधेयक मांडले होते. त्यावर मायक्रोसॉफ्टच्या पेरूमधील व्यवस्थापकांनी आक्षेप घेतले. एप्रिल २००२ मध्ये दिलेल्या उत्तरात व्हियानुएव्हा यांनी विधेयकाची भिस्त खर्चाच्या बचतीवर नसून नागरिकांना सार्वजनिक माहिती खुलेपणाने मिळणे, त्या माहितीचे चिरस्थायित्व आणि राज्याची सुरक्षितता या तत्त्वांवर असल्याचे प्रतिपादन केले. हा युक्तिवाद मांडताना आपल्या भाषेतील शब्दाशी त्यांना झगडावे लागले नाही. पुढे २००५ मध्ये पेरूत झालेल्या कायद्याने तांत्रिक तटस्थतेची भूमिका घेतली. व्हेनेझुएलाने २००४ मध्ये आणि इक्वेडोरने २००८ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांद्वारे प्रशासनात ‘सॉफ्टवेअर लिब्रे’चा पुरस्कार केला.

विशेष म्हणजे पुढे इंग्रजीनेच ‘लिब्रे’ हा शब्द उसना घेतला. २०१० मध्ये आरंभ झालेल्या ‘लिब्रेऑफिस’ या प्रणालीच्या नावात तो आहे. संशोधनप्रकाशनाच्या क्षेत्रात पीटर सबर आणि स्टीव्हन हार्नाड यांनी २००८ मध्ये मुक्त प्रवेशाचे ‘ग्रातिस’ आणि ‘लिब्रे’ असे दोन प्रकार सुचविले. केवळ शुल्काशिवाय वाचता येणारा लेख तो पहिल्या प्रकारचा. पुनर्मुद्रण, भाषांतर वा अन्य उपयोगाची काही परवानगीही ज्यासोबत असते तो दुसऱ्या प्रकारचा. महाविद्यालयीन अध्यापकांसाठी हा भेद व्यावहारिक महत्त्वाचा आहे. एखादी संशोधनपत्रिका महाजालावर ‘फ्री’ आहे म्हणून तिच्यातील लेख अभ्यासपुस्तिकेत छापण्याची किंवा मराठीत आणण्याची मुभा मिळते, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी परवान्याची शर्त पाहावी लागते.

७. मराठीच्या संदर्भात

मराठीची स्थिती स्पॅनिशच्या जवळची आहे. स्वतंत्र, मुक्त, मोकळा, रिकामा, मोफत, फुकट, निःशुल्क, विनामूल्य असे शब्द आपापली क्षेत्रे सांभाळून आहेत. किंबहुना ‘स्वतंत्र’ आणि ‘मोकळा’ हे वेगळे असल्याने जो भेद दाखविण्यासाठी स्पॅनिशला दोन क्रियापदांची मदत लागते, तो मराठी विशेषणानेच दाखविते. एका बाबतीत मात्र स्पॅनिश अधिक काटेकोर ठरते. ‘लिब्रे’ आणि ‘खुले’ या अर्थाचे ‘आबिएर्तो’ हे तेथे वेगळे आहेत. मराठीत ‘मुक्त’ हा शब्द ‘फ्री’ व ‘ओपन’ या दोहोंसाठी योजला जातो. त्यामुळे ‘मुक्त सॉफ्टवेअर’ आणि ‘मुक्तस्रोत’ या संज्ञांमधील वैचारिक अंतर मराठी वाचकाला सहजासहजी जाणवत नाही.

शिवाय बोलीव्यवहारात ‘फ्री’ हा शब्द मराठीत जसाच्या तसा आला आहे. ‘एकावर एक फ्री’ आणि ‘आज फ्री आहेस का?’ हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. तो आला तो मोफत आणि मोकळा या दोन अर्थांपुरता. स्वातंत्र्याचा अर्थ त्याने सोबत आणला नाही. देश ‘फ्री’ झाला असे कोणी म्हणत नाही. उसना शब्द मूळ भाषेतील आपले सर्व अर्थ घेऊन येत नाही, याचा हा पुरावा होय.

निष्कर्ष

१. ‘फ्री’चा स्पॅनिश पर्याय शब्दावरून नव्हे, तर कशाचा अभाव अभिप्रेत आहे आणि विशेषण कोणत्या नामाला लागते यावरून ठरतो.

२. ‘लिब्रे’ व ‘ग्रातिस’ यांची क्षेत्रे मूलतः भिन्न असली तरी ‘एन्त्रादा लिब्रे’सारख्या प्रयोगांत ती परस्परांना स्पर्श करतात. म्हणून यांत्रिक नियमापेक्षा रूढ प्रयोगांचे ज्ञान महत्त्वाचे आहे.

३. शब्दकोशात पर्याय सापडणे ही अचूकतेची हमी नव्हे. कायदा व प्रशासन यांच्या क्षेत्रात अनुवादकाचे प्रशिक्षण ही हक्कसंरक्षणाचीच एक अट आहे.

४. आजची यांत्रिक भाषांतरसाधने सलग मजकुरात संदर्भ बऱ्याच अंशी ओळखतात. परंतु फलक, कळ किंवा तक्त्यातील सुट्या शब्दाला संदर्भच नसतो. तेथे मानवी निर्णयाला पर्याय नाही.

५. भाषांतर शिकविताना शब्दांच्या जोड्या पाठ करून घेण्याऐवजी एकाच शब्दाची निरनिराळी वाक्ये विद्यार्थ्यांपुढे ठेवून प्रत्येक ठिकाणी वेगळा पर्याय का लागतो याची कारणे त्यांच्याकडून काढून घेणे अधिक फलदायी ठरेल. त्यासाठी ‘फ्री’सारखा रोजच्या वापरातील शब्द पुरेसा आहे.